मामांची वही: आकड्याची 'सिस्टीम' घरच्या घरी कशी तपासावी

माझे थोरले मामा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दीड वर्ष त्यांनी भोंगा वाजायची वाट पाहिली आणि मग सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी कायमचे परत आले. येताना बरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात कपड्यांखाली लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांब वह्या होत्या. मामा गेल्यावर मामीनं ती ट्रंक माझ्यापुढे सरकवली. "तू गणिताची. बघ, ह्यात काय हाय ते."

मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्र शिकवलं. वह्या कसल्या आहेत ते पहिल्या पानावरच कळलं. तारीख, ओपन, क्लोज, लावले, आले असे पाच रकाने. पट्टीनं मारलेल्या रेघा, निळं बॉलपेन, एकही खाडाखोड नाही. आकडा लागला की त्याच्याभोवती लाल शाईचं गोल. वही उघडली की नजर आधी त्या लाल गोलांवरच जाते आणि वाटतं, केवढे वेळा जिंकलाय हा माणूस!

कुठल्याही पानाच्या तळाशी बेरीज मात्र नव्हती. मामा मला म्हणायचे, "पोरी, म्या ह्यात कमावलं नाय, पण घालवलंबी नाय. बरोबरीत हाय मी." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. मी चौदा महिन्यांच्या एका वहीची बेरीज केली. लावले ३८,४६० रुपये. आले ३४,२९० रुपये. गेले ४,१७०. म्हणजे शंभराला जवळजवळ अकरा.

त्या बेरजेनंतर मी एक गोष्ट करायला लागले. माझे जुने विद्यार्थी, त्यांच्या आया, कधी कुणाची बायको विचारायला येते की ह्यानं खेळायची एक सिस्टीम काढलीय, रोज वहीत लिहितो, थोडे पैसे सुटतात म्हणतो, हे खरं असू शकतं का? मी वाद घालत नाही आणि उपदेशही करत नाही. पुढे लिहिलंय ते त्यांना करायला सांगते. शंभर पानी वही, पेन, शर्टाची एकाच मापाची दहा बटणं, झाकणाचा स्टीलचा डबा आणि मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. एक रुपयाही लावायचा नाही.

पहिलं पान: शंभर लावले तर परत किती?

कुठलाही खेळ असो, आधी दोन गोष्टी लिहा. लागलं तर किती मिळतं, आणि लागण्याची शक्यता किती. त्यांचा गुणाकार करा. बाकी सगळं यावर उभं आहे.

मटक्याचं उदाहरण घेते, कारण महाराष्ट्रात तो घराघरानं पाहिलाय. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेनं मुंबईला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे, तिथून ही गोष्ट सुरू झाली. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका चालू केला, आणि गिरणगावात तो चहाइतका रोजचा झाला. मुंबईचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. तो असूनही झाला.

खेळ असा. शून्य ते नऊमधले तीन अंक निघतात. समजा ३, ६, ८ निघाले. बेरीज १७, तिचा शेवटचा अंक ७. हा ओपन. मग पुन्हा तीन अंक, समजा १, ४, ०. बेरीज ५. हा क्लोज. जोडी झाली ७५. तीन अंकांचा गट म्हणजे पाना. मामांच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर भाव, म्हणजे लागलं तर एका रुपयाला किती मिळतात ते, लिहिलेले आहेत: एका अंकाला ९, जोडीला ९०, सिंगल पान्याला १४०, डबलला २८०, ट्रिपलला ६००. गावोगावी भाव थोडे वेगळे असतात, तुमच्याकडचे असतील ते घ्या. सोडत कोण काढतं, कशी काढतं, यात मी शिरत नाही. ती अगदी प्रामाणिक आहे असं धरूनच आपण हिशेब करणार आहोत.

अंक दहा, लागण्याची शक्यता दहात एक. १०० रुपये लावले तर सरासरीनं परत येतात ९०. जोडी शंभरात एक, भाव ९०, परत तेवढेच ९०. पान्याचं बघा. ३-६-८ हे तीन अंक सहा वेगवेगळ्या क्रमांनी निघू शकतात, म्हणून सिंगल पान्याची शक्यता हजारात सहा. १४० गुणिले सहा, भागिले हजार: शंभराला ८४. डबल पाना, म्हणजे ३-३-८ सारखा, तीनच क्रमांनी निघतो. २८० गुणिले तीन, पुन्हा ८४. ट्रिपल हजारात एकदाच, भाव ६००, म्हणजे शंभराला ६०. पाटीवर सगळ्यात मोठा भाव ज्याचा, तोच शंभरातले चाळीस ठेवून घेतो. "पान्यात पैसा हाय" असं टपरीवर ऐकू येतं. ज्याच्या खिशात तो पैसा जातो त्याच्यासाठी ते खरं आहे.

मला स्वतःला इथली एक गोष्ट फार आवडते. प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ पाने येतात: १२ सिंगल, ९ डबल, १ ट्रिपल. बारा सक बहात्तर, नऊ त्रिक सत्तावीस आणि एक, मिळून शंभर. हजारात शंभर, म्हणजे दहात एक. शून्याला, पाचाला, नवाला, सगळ्यांना सारखंच. 'आज सात जोरात आहे' असं काही या रचनेत कुठे बसूच शकत नाही. मामांनी हे बावीस पाने प्रत्येक अंकाखाली सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. बारा, नऊ आणि एक हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं असेल. गुणाकार करायला कुणी सांगितलं नाही.

पहिल्या पानावर तुमच्या खेळाचा हा एकच आकडा मोठ्या अक्षरात लिहा: शंभरातले किती कापले जातात. मटक्याच्या अंकाला १०. रुलेट म्हणजे कॅसिनोतलं आकड्यांच्या घरांचं फिरतं चाक, गोटी ज्या घरात थांबते ते जिंकतं. एकच शून्य असलेल्या रुलेटला ३७ घरं, दोन शून्यं असतील तर ३८. लाल किंवा काळ्यावर लावलं तर पहिल्यात शंभरातले २ रुपये ७० पैसे जातात, दुसऱ्यात ५ रुपये २६ पैसे.

दुसरं पान: सिस्टीम पायरी-पायरीनं उतरवा

आता त्याची सिस्टीम त्याच्याच तोंडून लिहून घ्या. कितव्या डावाला किती लावायचे आणि कुठे थांबायचं, हे दोन्ही आकड्यांत हवं. 'अंदाज बघून' असं काही आलं तर पुन्हा विचारा.

मामांची अशी होती. एक अंक धरायचा आणि तो येईपर्यंत सोडायचा नाही. पहिले आठ डाव दहा-दहा रुपये. नऊ ते बारा वीस-वीस. तेरा ते पंधरा तीस. सोळा-सतरा चाळीस. अठरा-एकोणीस पन्नास. विसावा साठ. वीस डावांत मिळून ४९० रुपये. पाचशेच्या वर जायचं नाही, हा त्यांचा नियम. आकडा कुठल्याही डावाला लागला तरी तोवरचं सगळं निघून वर दहा ते ऐंशी रुपये सुटतात. पहिल्याच डावाला लागला तर ८०. आठव्याला लागला तर ८० जाऊन ९० येतात, १० सुटतात. विसाव्याला लागला तरी ४९० जाऊन ५४० येतात, ५० सुटतात. तुम्ही स्वतः एकेक पायरी तपासून बघा. मामांच्या गणितात चूक नाही.

वीसही डाव आकडा न येण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा स्वतःशी वीस वेळा गुणाकार. कॅल्क्युलेटरवर करा: ०.१२१६. अंक धरल्यापासून तो येईपर्यंत किंवा वीस डाव संपेपर्यंत एक फेरी धरली, तर शंभर फेऱ्यांतल्या जवळजवळ ८८ फेऱ्या मामा जिंकणार. ती सगळी लाल गोलं खरी आहेत! इथे थांबा, हे त्याला मोकळेपणानं मान्य करा. माणूस मूर्ख नाही, त्याला जे दिसतंय ते खरंच तसं आहे. आपण एवढं कबूल केलं नाही तर पुढचं तो ऐकणार नाही.

पुढचं असं. ८८ फेऱ्यांत सरासरीनं सुटतात फेरीमागे साधारण ५१ रुपये. उरलेल्या १२ फेऱ्यांत जातात प्रत्येकी ४९०. शंभर फेऱ्यांची सरासरी दशांशासकट काढली तर जिंकलेले ४,४६६ आणि हरलेले ५,९५७. तोटा १,४९१.

आता जरा वेगळा हिशेब करा. सिस्टीम विसरून जा आणि शंभर फेऱ्यांत एकूण किती रुपये लावले जातात तेवढंच काढा. पहिल्या डावाचे दहा नक्की लागतात. दुसऱ्या डावाचे दहा शंभरातल्या नव्वद वेळाच लागतात, कारण दहा वेळा आकडा आधीच आलेला असतो. तिसऱ्याचे एक्क्याऐंशी वेळा. असं करत विसाव्यापर्यंत जा आणि बेरीज करा. येतात १४,९१२ रुपये. त्याचा दहावा हिस्सा १,४९१.

दोन्ही वाटांनी तोच आकडा येतो. तो योगायोग नाही. पायऱ्या कशाही लावा, दुप्पट करा, तिप्पट करा, जिंकल्यावर वाढवा, हरल्यावर कमी करा, जाणारी रक्कम नेहमी 'एकूण लावलेले गुणिले कापणी' हीच येते. डाव लावताना तुम्हाला फक्त मागचं माहीत असतं आणि पुढचा डाव मागचं काही पाहत नाही. त्यामुळे प्रत्येक डावावर, तो दहाचा असो वा साठचा, शंभरातले दहा जाणारच असतात. उणे संख्या कुठल्याही क्रमानं मांडल्या तरी त्यांची बेरीज अधिक होत नाही.

म्हणूनच मी म्हणते, कितीदा जिंकलास ते मोजू नकोस, किती लावलेस ते मोज. मामांच्या वहीत लावलेल्याच्या शंभराला दहा जायला हवे होते, जवळजवळ अकरा गेले. कागदावरचं गणित आणि चौदा महिन्यांचा माणूस एवढे जवळ आले, तेव्हा मला तो पुठ्ठा मिटून ठेवावा लागला.

"अजून पुढे गेलो असतो तर?"

हा प्रश्न हमखास येतो. विसाव्या डावाला का थांबायचं? चाळिसाव्यापर्यंत पैसे असते तर आकडा आलाच असता.

नऊच्या भावात मागचं सगळं वसूल व्हायचं असेल तर नवा डाव आधी गेलेल्या एकूण रकमेच्या निदान आठव्या हिश्शाएवढा हवा. म्हणजे एकूण गुंतलेली रक्कम दर पायरीला साडेबारा टक्क्यांनी फुगते. आणि बुडण्याची शक्यता दर पायरीला दहा टक्क्यांनीच घटते. १.१२५ गुणिले ०.९ करा: १.०१२५. एकापेक्षा जास्त. याचा अर्थ, पुढे जाल तसं बुडणं विरळ होतं हे खरं, पण बुडण्याची किंमत त्याहून वेगानं वाढते. तिसाव्या डावापर्यंत ४९० चे निदान १,५९० होतात, चाळिसाव्यापर्यंत ५,१६० च्या वर, साठाव्यापर्यंत ५४,००० च्या वर. साठ डाव आकडा न येण्याची शक्यता हजारात दोनपेक्षाही कमी आहे, म्हणून माणूस निर्धास्त असतो. आणि मग त्या एका वेळी घर जातं.

रुलेटवरच्या दुप्पट करण्याला मार्टिंगेल म्हणतात. युरोपात अठराव्या शतकापासून चालत आलेली ही पद्धत, आणि मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर पणजीला आजही लोक तीच घेऊन चढतात. लालवर १०० लावायचे, हरलं की २००, मग ४००. असे दहा डाव लावता येतील एवढे पैसे घेऊन गेलात, तर सलग दहा डाव हरण्याची शक्यता ७८४ फेऱ्यांत एकदा. ७८३ वेळा १०० मिळतात, म्हणजे ७८,३००. एकदा जातात १,०२,३००. आणि टेबलावर जास्तीत जास्त किती लावता येतील याची पाटी असतेच. खिसा कितीही खोल असला तरी दुप्पट करणं तिथे अडतं. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग सलग २६ वेळा आला. "आता लाल येणारच" म्हणत लोक लालवर लावत राहिले. एका फ्रँकपासून दुप्पट करत निघालेल्याला सत्ताविसाव्या डावासाठी ६,७१,०८,८६४ फ्रँक लागले असते. अलेंबेर, फिबोनाची, लाबुशेर अशा मोठ्या नावांच्या पद्धती आहेत, त्यांच्या पायऱ्या थोड्या सावकाश चढतात. दुसऱ्या पानावरचा हिशेब त्यांना लावा, तेच उत्तर येईल.

तिसरं पान: डबा आणि बटणं

कागदावरच्या गणितावर सगळ्यांचा विश्वास बसत नाही. बसायलाच हवा असंही नाही. म्हणून बटणं.

दहा बटणांच्या मागे शून्य ते नऊ अंक लिहा. डब्यात टाका, झाकण लावून चांगलं हलवा, न बघता एक काढा, अंक लिहा, बटण परत आत टाका. हे परत टाकणं विसरू नका, नाहीतर सगळा प्रयोग वाया जातो. ज्याची सिस्टीम आहे त्यालाच काढायला द्या आणि तुम्ही लिहा.

मी आणि माझ्या भाच्यानं दोन संध्याकाळी ३०० वेळा काढलं. शेजारी दोन रकाने केले. पहिल्यात, सगळ्यात जास्त दिवस न आलेल्या अंकावर दर वेळी दहा रुपये. जुन्या आकड्यांचा चार्ट बघणारे हेच करतात: "हा पंचवीस डाव आला नाही, आता चुकत नाही." दुसऱ्यात, नुकताच आलेला अंक पुन्हा येईल असं धरून दहा रुपये. पहिल्या रकान्यात २८ वेळा लागलं: ३,००० लावले, २,५२० आले. दुसऱ्यात ३१ वेळा: २,७९० आले. एकमेकांच्या अगदी उलट अशा दोन कल्पना, आणि दोन्ही दहातून एकदाच्या आसपास. भाचा डब्यात डोकावून बघत म्हणाला, "मावशी, बटणाला काय माहीत, मघाशी कोण आलं होतं?"

तुमच्या ३०० मध्ये ३४-३५ वेळा लागलं आणि तुम्ही फायद्यात निघालात, तर घाबरू नका आणि प्रयोग चुकला असंही समजू नका. ३०० डावांनंतर चारातला एक माणूस फायद्यात असतोच. ३,००० डावांनंतर पन्नासातला एक. १०,००० नंतर शोधून सापडणार नाही. रोज ओपन-क्लोज धरले तर ३०० डाव म्हणजे पाच महिने. पाच महिने सलग फायद्यात असलेला एखादा माणूस प्रत्येक टपरीवर भेटतो, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून खेळत राहतात. त्याला भेटलात तर त्याची वही मागा आणि आणखी चार वर्षांनी पुन्हा मागा.

'फिक्स आकडा' विकणाऱ्यांचंही गणित याच पानावर लिहून ठेवा. एक हजार फोन नंबर घ्यायचे. शंभरांना शून्य सांगायचा, शंभरांना एक, शंभरांना दोन. संध्याकाळी कुणा तरी शंभरांचा आकडा बरोबर येतोच. दुसऱ्या दिवशी त्या शंभरांचे दहा गट. तिसऱ्या दिवशी उरतात दहा. चौथ्या दिवशी एक माणूस असा असतो, की ज्याला सलग तीन आकडे खरे मिळालेत. तो शपथेवर सांगतो की ह्यांना आतली माहिती आहे, आणि चौथ्या आकड्यासाठी मागतील तेवढे पैसे देतो. उरलेले ९९९ जण कुणाला काही सांगत नाहीत.

मोबाईलवर हेच, पण वेगानं

गेल्या वर्षी एक जुना विद्यार्थी आला. मोबाईलवर दर मिनिटाला लाल की हिरवा सांगायचं, बरोबर आलं की दुप्पट. त्याला एका ग्रुपवरून 'लेव्हल' दिल्या होत्या: १०, ३०, ९०, २७०, ८१०, २,४३०, ७,२९०. सात लेव्हलचे मिळून १०,९३० रुपये खात्यात ठेवायचे, मग काही होत नाही म्हणे. "मॅडम, मी फक्त दहा रुपयांनी खेळतो," तो म्हणाला.

आम्ही बसून काढलं. शक्यता बरोबर निम्मी धरली, तरी सलग सात वेळा हरणं सरासरी २५४ डावांत एकदा येतं. मिनिटाला एक डाव, म्हणजे सव्वाचार तास. दुसरं, एका फेरीत सरासरी लागतात ३२२ रुपये, दहा नव्हे. तासाला तीस फेऱ्या, म्हणजे ९,७०० च्या आसपास रुपये फिरतात. त्याच्या अ‍ॅपमध्ये शंभराला दोन कापले जात होते. तासाला १९० रुपयांच्या वर नुसती कापणी. मटक्यात दहा टक्के जातात आणि इथे दोनच, म्हणून हे बरं, असं त्याला वाटत होतं. पण मटक्यात दिवसाला दोन डाव असतात आणि इथे तासाला साठ. गुणाकारात दोन संख्या असतात, त्यातली एक लहान करून दुसरी प्रचंड केली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण तुमच्या घरातला मुलगा रात्री दोन वाजता फोन हातात धरून बसला असेल, तर हे पान भरायला कायद्याची वाट बघू नका.

"पाचशे सुटले की उठायचं"

शेवटची सिस्टीम थांबण्याची असते. रोज एवढे मिळाले की बंद, एवढे गेले की बंद. शिस्त म्हणून ती चांगली वाटते, आणि खेळच कमी झाला तर लावलेली रक्कम कमी होते एवढा तिचा उपयोग खरा आहे. पण मिळकत त्यातून येत नाही. आज उठलात आणि उद्या पुन्हा बसलात, की उद्याचा पहिला डाव आजच्या शेवटच्या डावाला जोडला जातो. मधे झोप झाली, एवढंच. वहीत तारखेचा रकाना झाकून डाव सलग वाचा, मग दिसेल. जोसेफ डूब या अमेरिकन गणितज्ञानं विसाव्या शतकात हे काटेकोरपणे सिद्ध केलं: मर्यादित पैसे आणि मर्यादित वेळ असेल, तर थांबण्याचा कुठलाही नियम तोट्याच्या खेळाला फायद्याचा करू शकत नाही. बी.एस्सी.च्या वर्गाला तो सिद्धांत कळायला महिना जातो. तारखेचा रकाना हातानं झाकला की दहा मिनिटांत कळतो.

बेरीज करायला बसताना

त्याच्या हातात पेन द्या. त्याच्या स्वतःच्या वहीची किंवा बँकेच्या आणि यूपीआयच्या नोंदींची बेरीज त्यालाच करू द्या. दोनच रकाने: गेले आणि आले. उसने घेतलेले, गहाण टाकून आणलेले, मित्राच्या खात्यातून पाठवलेले पैसेही 'गेले'च्या रकान्यात. एकाच बैठकीत होणार नाही. मधेच उठून जाईल, चिडेल, जाऊ द्या. वही टेबलावर उघडी ठेवा. चारचौघांत किंवा जेवताना हा विषय काढू नका. कर्ज अंगावर आलं असेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर गणित बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

बेरीज झाली की ती रक्कम घरच्या मापात बदला. नुसते रुपये मनावर बसत नाहीत. कुणाच्या घरी तो लेकीच्या वर्गाच्या फीचा आकडा असतो, कुणाच्या घरी पोत्यांचा, कुणाच्या घरी गॅसच्या टाक्यांचा. कुठलं माप लावायचं ते घरातल्या बाईला विचारा.

मी ते मामीकडून शिकले. बेरीज झाली त्या दिवशी मी तिला सांगितलं, ह्या एका वहीत चार हजार एकशे सत्तर गेले. ती शेंगा फोडत बसली होती, मान वर केली नाही. त्या सालात ती दुसऱ्याच्या रानात पंधरा रुपये रोजानं खुरपायला जायची. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजी किती दिस झालं खुरपाय?"

मी भागाकार केला. दोनशे अठ्ठ्याहत्तर.

मामीनं हातातली शेंग तशीच धरली. "दोनशे अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "अगं, वर्साला रानात काम असतंय तरी किती दिस?"